नांवांतला ‘साव’

इ. स. २०२५ च्या मे महिन्याची आठवी तारीख होती आणि तिथि वैशाख शुद्ध एकादशी. रात्रीं वरईचे तांदूळ व दाण्याची आमटी असा फराळ आटोपून आमच्या बोरीवलीच्या घरांतील लहानथोर मंडळी दूरदर्शनाच्या संचासमोर बसली होती. रोमच्या धुराड्यांतून पांढरा धूर निघून गेला होता, आणि नवे पोप सज्जांत येऊन उभे राहण्याची सारें जग वाट पाहत होतें. एकादशीच्या रात्रीं ब्राह्मणाच्या घरांत पोपचें काय काम, असें कोणी वाचक विचारतील. परंतु बोरीवली पश्चिमेस ज्याचें आयुष्य गेलें आहे त्यास हा प्रश्न पडत नाहीं. आमच्या घरापासून पायीं जातां येईल इतक्या अंतरावर आय. सी. कॉलनी आहे. नाताळांत तिकडून करंज्या आमच्याकडे येतात व दिवाळींत आमच्याकडून चिवडा तिकडे जातो. ज्याच्याशीं फराळाची देवघेव आहे त्याच्या गुरूची गादी कोणास मिळाली हें पाहणें आम्ही शेजारधर्मांत मोडतों.

नवे पोप आले. त्यांचें नांव ‘लिओ चौदावे’ असें जाहीर झालें. त्यांचें मूळचें नांव रॉबर्ट प्रिव्होस्ट, हें निवेदकानें सांगितलें मात्र, आमच्या थोरल्या पुतण्याची नऊ वर्षांची कन्या आमच्याकडे वळून म्हणाली, “आजोबा, त्यांना आई-बाबांनी ठेवलेलं नाव आवडत नव्हतं का?”

आम्हीं शिक्षकी सवयीनें उत्तर दिलें कीं, बाळ, मोठ्या गादीवर बसतांना जुनें नांव खालीं ठेवावें लागतें. त्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “मग आपल्या नव्या काकूचंही नाव बदलणार आहे ना? तिला कुठली गादी मिळणार आहे?”

सगळे हंसले. आमची थोरली सून तेवढी हंसली नाहीं.

येथें थोडा खुलासा करणें अवश्य आहे. धाकट्या पुतण्याचें लग्न तीन आठवड्यांवर आलें होतें, आणि नव्या सुनेचें नांव काय ठेवावें हें ठरविण्याचें काम, घरांतील एकमेव संस्कृतवाले म्हणून, आमच्याकडे आलें होतें. आम्हीं तें आनंदानें पत्करलें होतें. एवढेंच नव्हे तर नांव ठरवूनही टाकलें होतें. तें कोणतें हें पुढें येईलच. त्या रात्रीं मात्र मुलीच्या प्रश्नानें झोंप लागेना, आणि उठून आम्ही पोपांच्या नांवांची यादी घेऊन बसलों. निवृत्त शिक्षकाला झोंप न येणें हें ज्ञानार्जनाचें एक मोठेंच साधन आहे.

पोपनें नांव बदलावें हा नियम कोणत्याही धर्मग्रंथांत नाहीं. पहिलीं पांचशें वर्षें तर कोणी बदलीतच नसे. इ. स. ५३३ मध्यें ज्यांची निवड झाली त्यांचें नांव होतें मर्क्युरियस. मर्क्युरी हा जुन्या रोमन लोकांचा देव. ख्रिस्ती धर्माच्या मुख्य गुरूनें मूर्तिपूजकांच्या देवाचें नांव घेऊन फिरावें हें त्यांस बरें दिसेना, म्हणून त्यांनीं ‘जॉन’ हें नांव घेतलें आणि ते दुसरे जॉन झाले. म्हणजे या प्रथेचा उगम वैभवांत नसून संकोचांत आहे. पुढें चारशें-साडेचारशें वर्षें ही रीत अधूनमधूनच पाळली गेली, इ. स. एक हजाराच्या सुमारास ती रुळली. तरीही इ. स. १५२२ मध्यें एड्रियन सहावे व इ. स. १५५५ मध्यें मार्सेलस दुसरे यांनीं आपलीं जन्मनांवेंच कायम ठेवलीं. म्हणजे न बदलण्याचीही मुभा होती, ही गोष्ट आम्हीं त्या रात्रीं वहींत लिहून तिच्याखालीं रेघ ओढली. कां ओढली हें तेव्हां आम्हांसही नीट ठाऊक नव्हतें.

या यादींत एका नांवावर आमची दृष्टि खिळली. तें नांव ‘इनोसंट’. इंग्रजी चौथीपांचवींतल्या मुलालाही या शब्दाचा अर्थ ठाऊक असतो, निरपराध, भोळा. धर्मगुरूनें आपलें नांव ‘भोळा’ असें कां ठेवावें? परंतु इंग्रजीच्या दारांतून आंत शिरलें म्हणजे घराचा मागचा भाग दिसत नाहीं. मूळ शब्द लॅटिन: इन्-नोकेन्स. यांतला ‘इन्’ म्हणजे आपला नकारार्थी ‘अ’ किंवा ‘अन्’. शेवटचा ‘एन्त्’ म्हणजे आपला शतृ प्रत्यय. गच्छन्त्, कुर्वन्त् यांतला. आणि मधला ‘नोक्’ धातु? तो आपल्या ‘नश्’ धातूचा सख्खा भाऊ आहे, आणि ‘नोकेरे’ हें क्रियापद आपल्या ‘नाशयति’ या प्रयोजक रूपाशीं थेट जुळतें. तेव्हां इनोसंट याचा शब्दशः संस्कृत अनुवाद ‘अनाशयन्’ असा करतां येईल. जो नाश करीत नाहीं, ज्याच्या हातून कोणास इजा पोंचत नाहीं, तो. यांत भोळेपणा नाहीं. ज्याच्या अंगीं नाश करण्याचें सामर्थ्यच नाहीं त्याला हें विशेषण लावण्यांत अर्थ काय? हात पोंचत असून जो उगारीत नाहीं त्यासच तें शोभतें.

आपल्याकडे याच्या जवळचे शब्द पुष्कळ आहेत; पण प्रत्येकाचें तोंड वेगळ्या दिशेला आहे. ‘निरपराध’ म्हटलें कीं न्यायालय डोळ्यांसमोर येतें. ‘निरागस’ यांतला ‘आगस्’ म्हणजे अपराधच. पण मराठींत हा शब्द लहान मुलांच्या चेहऱ्याला असा चिकटला आहे कीं, साठ वर्षांच्या माणसास निरागस म्हटल्यास त्यास राग यावा. ‘निष्पाप’ व ‘अनघ’ यांत पापाचा अभाव आहे. भगवंतांनीं गीतेंत अर्जुनाला अनघ म्हणून हांक मारली आहे, तीही ऐन रणांगणावर, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. आणि शेवटीं आपला अस्सल मराठी शब्द ‘साव’. त्याकडे आम्ही नंतर वळूं, कारण खरी गंमत तेथेंच आहे.

इनोसंट हें नांव आजवर तेरा पोपांनीं धारण केलें. पहिले पांचव्या शतकांतले, इ. स. ४१० मध्यें गॉथ लोकांनीं रोम लुटलें तें त्यांच्याच कारकीर्दींत. त्यांचें तें जन्मनांवच असावें, कारण तेव्हां बदलण्याची चालच नव्हती. परंतु ज्यांच्यामुळें हें नांव इतिहासांत गाजलें ते तिसरे. मूळ नांव लोतारिओ. इ. स. ११९८ च्या जानेवारींत, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षीं, ते गादीवर आले व इ. स. १२१६ मध्यें वारले. गादीवर येण्यापूर्वीं त्यांनीं मनुष्यजन्माच्या दैन्यावर एक ग्रंथ लिहिला होता, इतके ते विरक्त वृत्तीचे! आणि नांव घेतलें तें ‘जो कोणास इजा करीत नाहीं’ असें.

आतां त्यांची कारकीर्द पाहूं. त्यांच्या आज्ञेनें जें चौथें धर्मयुद्ध निघालें तें जेरुसलेमला पोंचलेंच नाहीं. वाटेंत व्हेनिसच्या व्यापाऱ्यांचें कर्ज फेडण्याच्या नादांत त्या सेनेनें इ. स. १२०२ मध्यें झारा हें ख्रिस्ती नगर लुटलें, आणि इ. स. १२०४ मध्यें कॉन्स्टंटिनोपल ही ख्रिस्ती राजधानीच लुटून फस्त केली. पोपनीं ख्रिस्ती नगरांवर हल्ला करण्याची मनाई केली होती, मागाहून निषेधही केला. तेवढ्यापुरता त्यांचा दोष कमी. परंतु दक्षिण फ्रान्समधील पाखंडी ठरविलेल्या लोकांवर इ. स. १२०८ मध्यें त्यांचा प्रतिनिधि मारला गेल्यानंतर जें धर्मयुद्ध पुकारलें गेलें, तें त्यांनीं स्वतः पुकारलें. इ. स. १२०९ च्या जुलैंत बेझिए गांवांत जी कत्तल झाली तींत पाखंडी कोण व भाविक कोण हें पाहण्याची तसदी कोणी घेतली नाहीं. इंग्लंडचा राजा जॉन याच्याशीं कलह झाला तेव्हां त्यांनीं साऱ्या देशांतील देवळांचे विधि बंद पाडले. पुढें त्या राजानें शरण येऊन आपलें राज्य पोपच्या पायांवर घातलें आणि तें मांडलिक म्हणून परत घेतलें. त्याच राजाकडून सरदारांनीं इ. स. १२१५ मध्यें जी प्रसिद्ध मोठी सनद लिहून घेतली, ती याच निरुपद्रवी नांवाच्या पोपनीं रद्दबातल ठरविली. त्याच वर्षींच्या मोठ्या धर्मपरिषदेंत ज्यू व मुसलमान यांनीं ओळखूं येईल असा वेगळा पोशाख करावा, असाही ठराव झाला.

आपल्याकडे यास ‘नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा’ म्हणतात. आम्हांसही प्रथम तसेंच म्हणावेंसें वाटलें. परंतु त्यांच्याच चरित्रांत एक दुसरा प्रसंग आहे. इ. स. १२०९ च्या सुमारास असिसी गांवचा एक फाटक्या वस्त्रांतला तरुण आपल्या मूठभर सोबत्यांसह या बलाढ्य पोपकडे आला, आणि आम्हांला कांहीं न जमवितां, भीक मागून राहण्याची परवानगी द्या, म्हणाला. त्याचें नांव फ्रान्सिस. राजांना नमविणाऱ्या या पोपनीं त्यास तोंडी परवानगी दिली. त्या एका तोंडी शब्दांतून जो संन्याशांचा पंथ निघाला तो पुढें साऱ्या पृथ्वीवर पसरला, आणि साडेतीनशें वर्षांनीं आमच्या बोरीवलीसही येऊन पोंचला.

बाकीच्या इनोसंटांविषयीं फार लिहीत नाहीं. चौथ्यांनीं इ. स. १२५२ मध्यें पाखंड्यांकडून कबुली घेण्यासाठीं छळाची परवानगी दिली, आठव्यांनीं इ. स. १४८४ मध्यें चेटकिणींच्या शोधास आपल्या आज्ञापत्राचें बळ दिलें; दहाव्यांचें चित्र स्पेनच्या वेलास्केथनें असें कांहीं रंगविलें आहे कीं, त्या नजरेसमोर उभें राहण्याची आमची छाती होणार नाहीं. उलट बाराव्यांनीं इ. स. १६९२ मध्यें पोपनीं पुतण्या-भाच्यांना पदें व धन वांटण्याची वाईट चाल मोडून काढली. अकराव्यांना तर विसाव्या शतकांत चर्चनें पुण्यवंतांत गणलें. तेरावे इ. स. १७२४ मध्यें वारले. त्यानंतर आजपर्यंत हें नांव एकाही पोपनें घेतलेलें नाहीं. तीनशें वर्षें एवढें सुंदर अर्थाचें नांव रिकामें पडून आहे! जुन्या नांवावर मागल्या मालकांची धूळ बसते, आणि नव्या मालकाला ती झटकण्यांतच आयुष्य घालवावें लागेल अशी भीति वाटत असावी.

एक मौज सांगावयाची राहिली. लोतारिओंच्या आधीं, इ. स. ११७९ मध्यें, दुसऱ्याच एकानें स्वतःस तिसरा इनोसंट म्हणवून घेतलें होतें. तो तोतया ठरला, कांहीं महिन्यांतच त्याचें बंड मोडलें, आणि त्याचा आंकडा हिशेबांत धरला गेला नाहीं. म्हणून खरे तिसरे तेच तिसरे राहिले. साव कोण आणि चोर कोण याचा निकाल आंकड्यांतसुद्धां असा लागतो.

आतां बोरीवली. येथील मंडपेश्वराचीं लेणीं ज्यांनीं पाहिलीं नसतील त्यांनीं एखाद्या रविवारीं अवश्य पाहावीं. सुमारें सहाव्या शतकांत शिवभक्तांनीं हीं खोदविलीं. आंत नृत्य करणारा शिव आहे, लकुलीश आहे. इ. स. १५३४ मध्यें गुजराथच्या बहादूरशहाकडून वसई व साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, आणि सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिसच्या पंथांतला आंतोनिओ दो पोर्तो नांवाचा साधु येथें आला. त्यानें लेण्यांचें देऊळ केलें, वर डोंगरावर मठ व विद्यालय उभारलें. त्याचे भग्न तट अद्याप उभे आहेत. देऊळ अर्पण केलें होतें तें मेरीमातेच्या निष्कलंक गर्भसंभवास, आय. सी. कॉलनीच्या नांवांतलीं दोन अक्षरें त्याच इंग्रजी नांवाचीं आहेत. रिक्षावाल्यास ‘आय. सी.’ म्हणून सांगतांना आपण रोज ‘निष्कलंक’ असें म्हणत असतों, हें किती बोरीवलीकरांना ठाऊक असेल?

रोमन पंथाच्या उपासनेंत एक ठिकाण असें आहे कीं, तेथें पुरोहितानें विद्यमान पोपचें नांव घेऊन प्रार्थना करावयाची असते. मुसलमानांत शुक्रवारच्या खुतब्यांत राजाचें नांव घेण्याची जुनी चाल आहे. आपणही संकल्पांत शालिवाहनाचें नांव घेतल्यावांचून पाण्यांत हात घालीत नाहीं. तेव्हां मंडपेश्वरावर पोर्तुगीजांचा अंमल होता त्या दोनशें वर्षांत, नववे ते तेरावे असे पांच इनोसंट रोमला होऊन गेले, आणि त्या त्या काळीं या डोंगरांत तें नांव लॅटिन विभक्ति लावून रोज उच्चारलें जात असलें पाहिजे. ‘जो नाश करीत नाहीं’ असा तो शब्द, आणि तो घुमत होता दुसऱ्यांच्या देवाच्या मंडपांत! आम्ही हें रागानें लिहीत नाहीं. कोणाचें नांव पुसून त्याजागीं आपलें पवित्र नांव लिहितांना माणसाला आपण कांहीं पुसतों आहों असें वाटतच नाहीं, एवढेंच आमच्या मनांत त्या रात्रीं आलें.

शेवटचे म्हणजे तेरावे इनोसंट इ. स. १७२१ ते १७२४ या काळांत गादीवर होते. त्या वेळीं साताऱ्यास कोण होतें? छत्रपति शाहू महाराज. आणि त्यांच्या नांवाचा अर्थ काय? साव! म्हणजे तीन वर्षें पृथ्वीवर एकाच अर्थाच्या नांवाचे दोन अधिपति होते. एकाचें नांव मंडपेश्वरीं घेतलें जात होतें, आणि दुसऱ्याच्या सेनेनें इ. स. १७३७ मध्यें साष्टी व इ. स. १७३९ मध्यें वसई घेतली.

शाहू हें त्यांचें जन्मनांव नव्हे. संभाजीराजे व येसूबाई यांच्या या पुत्राचा जन्म इ. स. १६८२ मध्यें माणगांवाजवळ गांगवलीस झाला, आणि आजोबांचें नांव म्हणून त्यांचें नांव शिवाजी ठेवण्यांत आलें. इ. स. १६८९ मध्यें रायगड पडला, आणि सात वर्षांचें तें बालक आईसह मोंगलांच्या छावणींत गेलें. आख्यायिका अशी कीं, औरंगजेबानें म्हटलें, याचा आजा चोर होता, हा साव आहे. आणि त्यास ‘साव’ म्हणूं लागला. तेंच पुढें शाहू झालें. आख्यायिकेची अक्षरशः खात्री कोणी देऊं नये. भोंसल्यांच्या घरांत शहाजी हें नांव आधींच होतें, आणि फारसी ‘शाह’ या शब्दाचा रंगही या नांवावर चढला असेल. परंतु शब्दाची चाल सरळ आहे. संस्कृत ‘साधु’, प्राकृतांत दोन स्वरांमधला ‘ध’ झिजून ‘ह’ होतो, म्हणून ‘साहु’, आणि पुढें मराठींत ‘साव’. दधीचें दहीं झालें, बधिराचा बहिरा झाला, तसेंच हें. आमच्या इमारतींतल्या गुजराथी शेजारणी सुनेला ‘वहु’ म्हणतात, तीही याच वाटेनें आलेली आपली ‘वधू’च. आणि त्याच साहुचा ‘साहुकार’, म्हणजे सावकार! ज्याच्या वहींत आपलें नांव लागलें कीं झोंप उडते, त्यास आपण मूळांत ‘साधुकार’ म्हणत आलों आहों. भाषेच्या थट्टेला तोड नाहीं.

तर शत्रूनें थट्टेनें, कदाचित् मायेनेंही, पण निश्चित आजोबांच्या अपमानासाठीं ठेवलेलें हें नांव. अठरा वर्षांच्या कैदेनंतर इ. स. १७०७ मध्यें सुटका झाली, तेव्हां तें टाकून देणें शक्य होतें. ताराबाईंच्या पक्षानें तर हा तोतयाच आहे अशी आवई उठविली होती. अशा वेळीं ‘मी शिवाजी’ असें ओरडून सांगण्यांतच फायदा होता. त्यांच्या राजमुद्रेंत ‘शंभूचा पुत्र शिवराज’ असाच उल्लेख आहे. म्हणजे मोहोरेवर शिवराज राहिले आणि लोकांच्या तोंडीं शाहू. इ. स. १७०८ च्या जानेवारींत साताऱ्यास राज्याभिषेक झाला, इ. स. १७४९ पर्यंत राज्य केलें, आणि इतक्या वर्षांत त्या नांवांतला अपमान कोठें विरून गेला तें कोणास कळलेंही नाहीं. तिसऱ्या इनोसंटांनीं उत्तम नांव निवडून त्याला डाग लावला; शाहूंनीं डागाचें नांव घेऊन तें असें उजळलें कीं, पुढें तें राजनांवच झालें. साताऱ्यास दुसरे शाहू झाले. कोल्हापूरच्या गादीवर इ. स. १८८४ च्या मार्चांत कागलकर घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले, त्यांसही हेंच नांव मिळालें. दत्तविधानांत नांव बदलण्याची चाल राजघराण्यांत जुनीच, बडोद्यास इ. स. १८७५ मध्यें कवळाण्याचे गोपाळराव असेच सयाजीराव झाले. पण कोल्हापूरच्या शाहूंनीं त्या नांवाला आणखी एक अर्थ दिला. इ. स. १९०२ च्या जुलैंत त्यांनीं आपल्या संस्थानांतील निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा हुकूम काढला. वेदोक्त प्रकरणांत त्यांच्याशीं आपल्या ज्ञातीचा जो झगडा झाला त्याच्या गोष्टी आम्हीं लहानपणीं वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत, व त्यांत साव नेहमीं आपणच असूं. आज साठी उलटल्यावर तो हिशेब आम्ही पुन्हां मांडूं लागलों म्हणजे आंकडे तसे जुळत नाहींत, हें येथें प्रांजळपणें सांगितलेलें बरें.

असो. लग्नाच्या आधींच्या रविवारीं आमच्याकडे केळवण होतें. नियोजित सूनबाईही आल्या होत्या. पुरणपोळीचें जेवण झालें, पानें उचललीं गेलीं, आणि वहिनींनीं आम्हांस खूण केली. आम्हीं घसा साफ करून योजिलेलें नांव जाहीर केलें: अनघा. त्याची फोड केली, अन् अधिक अघ. गीतेचा दाखला दिला. शिवाय ताजा अभ्यास म्हणून पोपांच्या नांवाशीं असलेलें साम्यही सांगितलें. आमच्या मतें तें छोटेखानी व्याख्यान चांगलें वठलें होतें.

मुलगी नम्रपणें म्हणाली, “काका, नाव फार सुंदर आहे. पण एक विचारू का? अनघा व्हायला आधी माझ्यात अघ काय होतं?”

कोणी कांहीं बोलेना. आम्ही चाळीस वर्षें वर्गांत उभे राहिलों आहों. विद्यार्थ्याचा प्रश्न खरा आहे कीं खोडसाळ, हें त्याच्या डोळ्यांवरून कळतें. हा खरा होता. पोप आपलें नांव आपण घेतो, नको असल्यास जुनेंच ठेवूं शकतो. शाहूंस शत्रूनें दिलें, पण टाकावें कीं राखावें हें त्यांच्या हातीं होतें. आणि या मुलीला आम्ही विचारलेंही नव्हतें. उत्तम अर्थाच्या नांवाला संमति कशाला लागते, अशा समजुतींत आम्ही होतों. थोरली सून एकादशीच्या रात्रीं कां हंसली नव्हती तें आम्हांस तेव्हां उमगलें. तिचें पूर्वींचें नांवही आम्हींच बदललें होतें, आणि तेंही मोठ्या विद्वत्तेनें.

दादा कांहींसे रागावले. घराची रीत आहे, ताटांतल्या तांदुळांत नांव लिहावयाचें तें काय म्हणून लिहावयाचें, असें त्यांचें म्हणणें. रीतीला अर्थ नाहीं असें आम्हांसही वाटत नाहीं; नव्या घरांत पाऊल टाकतांना माणसाचें कांहींतरी नवें व्हावें, ही कल्पना मंगलच आहे. पण दादांना उत्तर आम्हीं दिलें नाहीं. तें दिलें नव्वदीच्या आमच्या मातोश्रींनीं. त्या आरामखुर्चींत डोळे मिटून पडल्या होत्या. आम्हांस वाटलें झोंप लागली आहे.

“मला बहात्तर वर्षं झाली या नावाला,” त्या म्हणाल्या. “अजून कुणी मागून हाक मारली तर आधी जुनंच ऐकू येतं.”

आईंचें माहेरचें नांव काय होतें? दादा आमच्याकडे पाहूं लागले व आम्ही दादांकडे. अमरकोश ज्यास पाठ आहे त्याला आपल्या जन्मदात्रीचें नांव ठाऊक नव्हतें. त्यांनीं सांगितलें. तें आम्ही येथें छापीत नाहीं. इतकीं वर्षें घरांत जें कोणी उच्चारलें नाहीं तें एकदम छापखान्यांत नेणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

लग्न यथासांग झालें. लक्ष्मीपूजनाच्या वेळीं चांदीच्या ताटांत तांदूळ पसरले, आणि पुतण्यानें अंगठीच्या टोंकानें सूनबाईंचें तेंच नांव, जें तिच्या आईबापांनीं ठेवलें होतें तेंच, पुन्हां लिहिलें. गुरुजींनीं एकवार आमच्याकडे पाहिलें. आम्हीं मान हलविली. त्यांनीं मंत्र म्हटले व पेढे वांटले गेले. मग थोरल्या सुनेनें न बोलतां तें ताट उचलून आईंच्या खुर्चीपुढें नेलें आणि अंगठी त्यांच्या हातांत दिली. आईंचा हात कांपतो. खालच्या मोकळ्या जागेंत तीन अक्षरें लिहिण्यास त्यांना बराच वेळ लागला, आणि मधलें अक्षर तर नीट उमटलेंच नाहीं. नात शेजारीं बसून तें वाचण्याचा प्रयत्न करीत होती.

तें ताट दोन दिवस देवापुढें तसेंच होतें. तिसऱ्या दिवशीं त्या तांदुळांचा भात झाला.